कूकाबाबांच्या दारातली टोपली

तांगझुगू,
१२ जानेवारी १९९७

दादा,

हे अक्षर ओळखलंस का? ओळखणार कसं, पहिल्यांदाच बघतोयस. आजवर माझी पत्रं मास्तर लिहायचे. मी सांगेन त्यातलं अर्धं गाळायचे आणि वर स्वतःच्या शहाणपणाची फोडणी द्यायचे. आता बायकांच्या साक्षरता वर्गात मी लिहायला शिकले आहे. यापुढे जे येईल ते थेट माझ्या तोंडचं. कडू लागलं तर वर पाणी पी.

कामाचं सांगते. टेकडीखालची ती पांढरी पडलेली जमीन आठवते? आपण शेळ्यासुद्धा तिकडे नेत नव्हतो. माझा नवरा अमीदू गेल्यावर दिरानं मला शेताच्या कडेची एक पट्टी दिली. तिच्यात माझ्या पोरांचं पोट भरेना. असेताची, सालमाताची, सगळ्यांचीच तीच गत. म्हणून आम्ही बायकांनी दिराला पुढे घालून जमिनीच्या मालकाकडून, कूकाबाबांकडून, ती मागून घेतली. म्हातारा हसला. म्हणाला, "घ्या की! दगड चांगले पिकतात तिथं."

दादा, आम्ही ती जमीन फोडली. उन्हाळाभर खळगे खणले, खळग्यात शेण टाकलं, उतारावर दगडांचे बांध घातले. पहिल्या वर्षी लोक बघायला यायचे ते हसायला. आता बाजरी माझ्या डोक्याच्या वर जाते, मध्ये तीळ डोलतो. लोक अजूनही बघायला येतात, पण हसत नाहीत, आणि मला भीती त्याचीच वाटते.

सुगी झाली की पहिली टोपली आम्ही कूकाबाबांच्या दारात ठेवतो. ती आत गेली की पुढचं वर्ष आमचं. यंदाही गेली. पण त्यांचा पुतण्या अमाडे राजधानीतून, वागादुगूहून, कायमचा परतलाय. तो दारात उभा होता, टोपलीकडे बघत म्हणाला, "बरीच मऊ केलीत की जमीन. पुढच्या वर्षी मीच कसेन म्हणतो." म्हाताऱ्यानं त्याला अडवलं नाही.

माझा दीर अमाडेचा जिगरी दोस्त, तो तोंड उघडणार नाही. जमिनीचं बोलणं बाई वडीलधाऱ्यांपुढे बोलत नाही, हे तुला मी सांगायला नको. तू माझा थोरला आहेस. तू ये, किंवा शब्द पाठव. ही जमीन मी सोडणार नाही, एवढं लक्षात ठेवून काय ते ठरव.

तुझी,
तलातो

*

सुब्रेजवळ, आयव्हरी कोस्ट,
३ मार्च १९९७

प्रिय तलातो,

तुझं पत्र वस्तीतल्या आपल्या मोसी जमातीच्या सगळ्या पोरांना वाचून दाखवलं. म्हटलं, बघा, माझी बहीण! एकानं विचारलं, ती एवढी चिडलेली का आहे? म्हटलं, चिडलेली नाही, ती अशीच बोलते.

आता नीट ऐक. तुमची चूक कुठे होते ते मला इथून दिसतं. तुम्ही बाजरी लावता. बाजरी कापली, खाल्ली, की तुमच्या मेहनतीचा पुरावा पोटात गेला. पुढच्या वर्षी कुणीही उठून म्हणेल, ही जमीन मोकळीच होती. मी इथं आलो तेव्हा नुसतं रान होतं. म्हातारा झादी, इथला जमीनवाला, माझा यजमान, म्हणाला, "तोड आणि लाव." मी कोको लावला. आज माझी झाडं रांगेनं उभी आहेत आणि त्यांच्याखालच्या जमिनीबद्दल कुणी प्रश्न विचारत नाही. झाड लावलं की माणूस रुजतो.

तुम्ही काजू लावा. कोरड्यातही तगतो, ढोरं त्याला तोंड लावत नाहीत, आणि बी विकत घ्यायला व्यापारी दारात येतो. रोपं मी इथून पाठवतो.

मला स्वतःला येणं जमणार नाही. तोडणीचे दिवस आहेत, मजूर मिळत नाहीत, सगळं माझ्या एकट्याच्या डोक्यावर आहे. पण तू घाबरू नकोस. तुझा भाऊ जिवंत आहे.

तुझा दादा,
साल्फो

*

तांगझुगू,
२० एप्रिल १९९७

दादा,

तिकडच्या दमट हवेनं तुझं डोकं भिजलंय का? उसन्या जमिनीत झाड! गावातलं शेंबडं पोरही सांगेल, बाजरी लावणारा पाहुणा असतो आणि झाड लावणारा मालक. कूकाबाबांच्या जमिनीत मी न विचारता झाड लावलं, तर त्याचा अर्थ एवढाच, की म्हाताऱ्या, तुझे पूर्वज खोटे आणि तू मेल्यात जमा. आपल्या आबांनी तर दुसऱ्याच्या बांधावर उगवून आलेलं शियाच्या झाडाचं रोपही मालकाला हाक मारून दाखवलं होतं. तू सोबत होतास. विसरलास?

तरी तुझं बोलणं माझ्या डोक्यातून जात नाही, हेही सांगते. बाजरी पोटात जाते, हे खरंच आहे. काल असेता खळगा खणता खणता थांबली आणि म्हणाली, "आपण ही जमीन मऊ करतोय ती कुणाच्या पाठीसाठी?" मी कुदळ उचलली आणि खणत राहिले. पण उत्तर मला हवंय.

म्हणून असं कर. तू थोरला म्हणून रीतसर मानाच्या कोलाच्या बिया पाठव, सोबत शब्द पाठव. सगळं सरळ सांगायचं, काही लपवायचं नाही. जमीन तुमचीच आहे, झाडाला तुमची परवानगी मागतो. म्हाताऱ्यानं कोला घेतला, तर लावू. परत केला, तर तुझी रोपं तुझ्याच कोकोत लाव.

आणि एक. एवढ्या मोठ्या पत्रात मरियमवहिनीबद्दल एक ओळ नाही, पोरांबद्दल नाही. तुमचं भांडण झालंय का?

तलातो

*

सुब्रेजवळ,
२ जून १९९७

तलातो,

बरं बाई, रीतसर तर रीतसर. बसवाल्या झेर्बोजवळ सगळं देतो आहे: काजूची रोपं, ओल्या फडक्यात बांधलेला कोला, तुझ्या पोरांना कापड. कूकाबाबांना सांगायचे शब्द मी झेर्बोकडून बसस्टँडवर घोकून घेतले. "साल्फो पाया पडून विचारतो. जमीन तुमची, तुमच्या पूर्वजांची. त्याची बहीण आणि तिच्या सोबतिणी तुमच्या परवानगीनं तिथं काजू लावू इच्छितात." झेर्बो माणूस पक्का आहे. वर्षानुवर्षं लोकांचे निरोप नेतो, एकही शब्द सांडत नाही.

म्हाताऱ्यानं कोला ठेवून घेतला, की खुशाल लावा.

मरियम बरी आहे. माहेरी गेली आहे, पोरंही तिच्याबरोबर. भांडण कसलं!

साल्फो

*

तांगझुगू,
२८ जुलै १९९७

दादा,

घेतला! म्हाताऱ्यानं कोला घेतला!

झेर्बो आला तो नेहमीसारखा बोंबलतच. मी दिसल्याबरोबर म्हणाला, "माझी गुलाम एवढी वाळली कशी? मोसींच्या घरात गाढवाचं मटण संपलं वाटतं." मी म्हटलं, "कुत्रेखाऊ, आधी माझी रोपं उतरव." तो सामो जमातीचा, आपण मोसी, थट्टेचं नातं. एकमेकांना शिव्या घातल्याशिवाय त्याच्या आणि आपल्या बापजाद्यांना थडग्यात झोप लागत नाही. त्याच्या बायकोलाही मी एक सणसणीत निरोप दिलाय, तो तुला सांगण्यासारखा नाही.

तो कूकाबाबांच्या अंगणात गेला. मी कुंपणाबाहेर बाजरी कांडत बसले होते. मुद्दामच तिथं बसले, तुला म्हणून सांगते. शब्द ऐकू येत नव्हते, पण हसणं येत होतं. म्हातारा एवढा हसला की त्याला ठसका लागला आणि बायकोनं पाणी आणून दिलं. झेर्बो बाहेर आला तो डोळे पुसत. म्हणाला, "दिला. सगळं सांगितलं. घेतला." दुसऱ्या दिवशी मी नमस्काराला गेले, तेव्हा म्हातारा कोला चघळत होता. म्हणाला, "तुझ्या भावाला माझा सलाम कळव. पोरगं आठवण ठेवतं." मी काय समजायचं ते समजले.

आम्ही बांधाच्या कडेनं रोपं लावली. चार रोपं हडकुळी होती, ती मी घरी अंगणात फुटक्या मडक्यांत लावलीत, धरली तर धरली. सालमाता प्रत्येक रोपाला नाव देतेय. एकाला तुझं दिलंय. ते जरा वाकडं आहे.

दादा, काल संध्याकाळी काम संपल्यावर एकही बाई घरी जायला उठेना. सगळ्या बांधावर बसून राहिल्या. मला रडू आलं. मग असेता म्हणाली, तुझ्या रडण्यानं काही रोपं वाढणार नाहीत, आणि सगळ्या उठल्या.

तलातो

*

तांगझुगू,
१६ नोव्हेंबर १९९७

साल्फोदादा,

तू नक्की काय शब्द पाठवले होतेस?

सुगीच्या गडबडीत आम्ही तिकडच्या बांधाला होतो, तेवढ्यात अमाडेनं काजूची सगळी रोपं उपटली. एकूण एक. मुळं उन्हात टाकून गेला. मी धावत गेले तर तो शांतपणे हात धूत होता. म्हणाला, "काका गेले नाहीत अजून, आणि तुम्ही वाटणीला लागलात? बाजरीच्या आडून झाडं! मी फिरलो नसतो तर कळलंही नसतं."

मी म्हटलं, बाबांनी परवानगी दिलीय. तो माझ्याकडे असा बघायला लागला, जणू मला वेड लागलंय.

मग टोपली घेऊन गेलो. यंदाची बाजरी गेल्या वर्षापेक्षा भरलेली, वरती तीळ. कूकाबाबा दारातच बसले होते. टोपलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. म्हणाले, "तुझ्या नवऱ्याला मी खांद्यावर खेळवलंय. तुला जमीन हवी होती तर मागायचीस. चोरायला का लागलीस?" आणि आत बघून बायकोला सांगितलं, टोपली बाहेर ठेव.

गावानं बघितलं, दादा. टोपली परत डोक्यावर घेऊन मी अख्ख्या गावातून घरी आले. कुणी चोर म्हटलं नाही. सगळ्यांनी रस्ता दिला, आणि ते जास्त लागलं. आता त्या जमिनीत कुदळ घालायची आम्हाला सोय नाही. पुढच्या पावसात तिथं अमाडे पेरेल.

खरं सांग. तू विचारायला भ्यालास का? नुसता सलाम पाठवलास आणि मला वेगळं लिहिलंस?

तलातो

*

सुब्रेजवळ,
२० डिसेंबर १९९७

तलातो,

आबांची शपथ, मी ते सगळे शब्द पाठवले होते.

तुझं पत्र वाचलं आणि झेर्बोची बस येईपर्यंत स्टँडवर बसून राहिलो. त्याची कॉलर धरली. म्हटलं, माझ्या निरोपाचं काय केलंस? तो बिचारा गडबडून गेला. "प्रत्येक शब्द सांगितला!" म्हणाला. कसा सांगितलास? तर ऐक. अंगणात गेला, म्हाताऱ्याला आधी रीतीप्रमाणे गाढवखाऊ म्हणाला, म्हाताऱ्यानं त्याला कुत्रेखाऊ म्हटलं. मग हा म्हणतो, "तुमच्यातल्या एका गुलामाचा निरोप आणलाय. जमीन म्हणे तुझ्या पूर्वजांची आहे, पण त्याची बहीण तिच्यात काजू लावणार, परवानगी दे म्हणतो. आणि म्हाताऱ्या, तू आता शेंगा फोडण्याच्याही कामाचा राहिला नाहीस, तेव्हा तिच्या काजूची पानं झाडत बस!" आणि म्हातारा हसत सुटला.

शब्द सगळे होते. पण सामोच्या तोंडून मोसीनं ऐकलेले, म्हणजे थट्टाच. तू तरी झेर्बोचं कधी काही खरं मानलं आहेस? कोला म्हाताऱ्यानं माझा नुसता सलाम समजून खाल्ला. चूक माझी. आपल्या दोघांनाही हे सुचायला हवं होतं, पण थोरला मी आहे.

आणि तू भित्रा म्हणालीस, तेही पूर्ण खोटं नाही. तुझ्यापासून एक गोष्ट लपवली. म्हातारा झादी दोन वर्षांपूर्वी वारला. त्याचा मुलगा सेरी म्हणतो, बापानं तुला कसायला दिलं होतं, कायमचं नाही. झाडं तुझी असतील, जमीन आमची, आणि झाडं काही हवेत उभी नाहीत. आधी निम्मा माल घेऊ लागला. यंदा मला बागेत पाऊलही ठेवू दिलं नाही. मी लावलेल्या कोकोच्या शेंगा दुसऱ्यांनी उतरवल्या आणि मी शेजारच्या मळ्यात रोजंदारीवर होतो. मरियम कंटाळून माहेरी गेली, ती परत आलेली नाही.

झाड लावलं की माणूस रुजतो, असं तुला लिहिलं तेव्हा मी स्वतः उपटला गेलो होतो. माझ्या हातून सुटतंय, निदान तुझ्या हाती राहावं, असं वाटलं. तिथली रीत मी विसरलो नव्हतो, तलातो. आठवायची नव्हती.

आता माझं ऐक, सोडून दे. मालकापुढे कुणी जिंकत नाही. मी बघितलंय.

साल्फो

*

तांगझुगू,
८ फेब्रुवारी १९९८

दादा,

सोडून दे म्हणतोस! तुझं पत्र वाचून आधी तुझा राग आला, मग तुझ्यासाठी रडले, मग पुन्हा राग आला. दोन वर्षं एकट्यानं हे गिळत बसलास? मरियमवहिनीला मी वेगळं पत्र लिहिते आहे. तिच्या भावाला वाचता येतं ना?

आता इकडचं. तुझं पत्र यायच्या आधीपासून मी एक काम चालू केलं होतं. दर बाजाराच्या दिवशी तीच टोपली डोक्यावर घ्यायची, कूकाबाबांच्या दारात ठेवायची, बसायचं. ते आत घेत नाहीत. सूर्य कलला की टोपली उचलायची, घरी यायचं. पुढच्या बाजाराला पुन्हा. आधी मी एकटी जायचे. मग असेता आली, मग सगळ्याच यायला लागल्या. आम्ही बसून कापूस पिंजायचो. अमाडे वैतागला. "अंगण आहे की बाजार?" म्हणायचा. म्हातारी, म्हणजे कूकाबाबांची बायको, गुपचूप आम्हाला पाणी आणून द्यायची.

गेल्या बाजारी झेर्बो आला. तू त्याला काय बोललास कुणास ठाऊक, पण त्याचा चेहरा पडलेला मी जन्मात पहिल्यांदा बघितला. मी म्हटलं, "गाठ तू मारलीस, तूच सोड." तो म्हणाला, "माझ्यावर विश्वास कोण ठेवणार?" आणि थोड्या वेळानं म्हणाला, "चल."

अंगणात शिरला तो ओरडतच. "काय रे कूका! दारात बाजरी वाळत पडलीय आणि मला कुणी कळवलं नाही? तुला नको असेल तर मी नेतो, जमिनीसकट नेतो." मूठभर बाजरी घेऊन तोंडात टाकली. म्हातारा म्हणाला, "कुत्रेखाऊ, आज मला थट्टेची हौस नाही. चालता हो."

तर झेर्बो सरळ उंबऱ्यात आडवा झाला. हातपाय ताणले, डोळे मिटले. "मी मेलो. आता मला ओलांडून कोण आत-बाहेर जातो, बघू."

अमाडे घरातून बाहेर यायला निघाला होता, तो एक पाय वर उचलून तसाच थांबला. थट्टेच्या नात्यातल्या माणसाला ओलांडायची छाती कुणाला आहे? तो वागादुगूत राहून आलाय, पण इतकाही वागादुगूचा झालेला नाही. बायका हसायला लागल्या. म्हातारा शेवटी म्हणाला, "मागून टाक, काय हवं ते. नाहीतर हा इथंच कुजेल."

झेर्बो डोळे मिटूनच बोलला. "पावसाच्या सुरुवातीला मी एक निरोप आणला होता. खरा होता."

म्हातारा हसला.

"बघ! हसलास! माझ्या तोंडून आलेलं तुला खरं वाटणार नाही, आणि वाटलं तर आपले दोघांचे पूर्वज मला चोपतील. म्हणून मी एवढंच मागतो. ही जे सांगेल ते तुझ्या कानांनी ऐक."

अमाडे म्हणाला, "बाई जमिनीचं बोलणार? या अंगणात?"

"मेलेल्या माणसाची शेवटची इच्छा आहे, पोरा," झेर्बो खालून म्हणाला. "मोसी असलास तरी एवढी लाज ठेव."

म्हातारा माझ्याकडे वळला. सामोनं मागितलेलं नाकारता येत नाही. "बोल," म्हणाला.

दादा, मी गुडघ्यावर बसले आणि बोलले. जे बोलले ते तुला तसंच लिहिते. "बाबा, जमीन तुमची. झाडं लावून आम्ही ती तोडून घेत नव्हतो, आम्ही विचारलं होतं. ते विचारणं तुमच्यापर्यंत थट्टा होऊन पोचलं. म्हणून आज माझ्या तोंडानं विचारते. ही जमीन वीट झाली होती, तेव्हा कुणालाच नको होती. आम्ही ती शिजवली. आता शिजली, तर उठा म्हणता. आम्ही उठू, दुसरी वीट घेऊ, तीही शिजवू, मग तिथूनही उठू. बाबा, शिजवणारीला एकदा तरी जेवू द्या. मालकी नको. आम्ही तिला खत घालतोय तोवर उठ म्हणू नका."

नुसता झेर्बोच्या पोटाचा गुरगुराट ऐकू येत होता, त्या मूठभर बाजरीशिवाय त्यानं सकाळपासून काही खाल्लं नव्हतं.

म्हातारा म्हणाला, "मी तुला चोर म्हटलं."

"हो बाबा."

"गावानं ऐकलं."

"हो."

"रोपं काही उरलीत का?"

"चार. माझ्या अंगणात, मडक्यांत."

"त्यांना पाणी घालत राहा," म्हणाला, आणि आत बघून बायकोला हाक मारली, "टोपली आत घे गं."

तेवढ्यात अमाडे फुटला. "आणि मी? मी काय दगड खाऊ?" त्याचा आवाज रडका होता. वागादुगूतली पहारेकऱ्याची नोकरी गेली म्हणून आलाय, हे तेव्हा त्याच्याच तोंडून कळलं. घरच्यांनाही सांगितलं नव्हतं. तुझीच आठवण आली. मी म्हटलं, "दगडच खा. आमच्या शेजारची पट्टी पांढरी पडलीय, काकांना माग. कुदळ मी देते." त्यानं मला खाऊ की गिळू असं बघितलं. पण चार दिवसांनी कुदळ न्यायला आला. त्याच्या तळहातांना एवढे फोड आलेत की म्हातारी त्याला शियाचं तूप लावून देते.

आम्ही पुन्हा खळगे खणतो आहोत. रोपांचं बाबांच्या मनात काय आहे, माहीत नाही. मी पाणी घालते.

तलातो

*

सुब्रेजवळ,
१९ एप्रिल १९९८

तलातो,

तुझं पत्र खिशात घालूनच फिरतो. घडीवर फाटायला आलंय.

सेरीनं बाग दुसऱ्याला दिली. मी भांडलो नाही. झेर्बोसारखा आडवा पडलो असतो, पण इथं माझं कुणाशी थट्टेचं नातं नाही.

मरियम परत आली. तुझ्या पत्रानंतर आली. त्यात काय लिहिलं होतंस ते ती सांगत नाही, नुसती हसते. ती म्हणते, गावी जाऊ. पण एवढ्या वर्षांनी माणूस परततो तो काहीतरी घेऊन परततो. छपराला पत्रा, सायकल, निदान पोरांच्या पायात बूट. मी रिकाम्या हातांनी गावात कसा शिरू? लोक रस्ता देतील, तू म्हणालीस तसा.

साल्फो

*

तांगझुगू,
१४ जुलै १९९८

दादा,

आज सकाळी जे झालं ते लगेच लिहिते, कारण झेर्बो बाहेर हॉर्न वाजवतोय आणि मला मालकिणीसारखं त्याला ताटकळत ठेवायचं आहे.

पाऊस पडून माती बसली तसा कूकाबाबांचा निरोप आला, मडकी घेऊन शेतावर या. गेलो तर म्हातारा तिथं आधीच उभा. सोबत भूमीची पूजा करणारे वडील, गावातले आणखी म्हातारे, माझा दीरसुद्धा. बाबांनी माझ्या हातातून कुदळ घेतली. त्यांना वाकवत नाही, अमाडेनं कोपराला धरून खाली बसवलं. स्वतःच्या हातानं खड्डा केला, स्वतःच्या हातानं पहिलं रोप लावलं, माती दाबली. मग तिथंच बसून सगळ्यांकडे बघत म्हणाले, "हे झाड मी लावलं. म्हणजे माझं आहे, म्हणजे जमीन कुणाची हा प्रश्न मिटला. पाणी या बायका घालतील, फळ त्याच खातील. हे झाड उभं आहे तोवर, मी असो नसो, माझ्या घरातल्या कुणी यांना उठ म्हणायचं नाही." अमाडेकडे बघून विचारलं, "ऐकलंस?" अमाडे म्हणाला, "ऐकलं." पूजेच्या वडिलांनी मातीवर पाणी सोडलं. चारही रोपं बाबांनीच लावली, शेवटचं वाकडं निघालं. सालमातानं त्याला पुन्हा तुझंच नाव दिलं.

झेर्बो बस रस्त्यात उभी करून आला होता, उतारूंसकट. मागून ओरडला, "गाढवखाऊ! मी निरोपात सांगितलंच होतं! आता पानं कोण झाडणार?"

बाबांनी शेजारचा एक वाळका फाटा उचलला आणि रोपाभोवतीचा पाला झाडला, अगदी सावकाश, चारही रोपांभोवती. "मीच," म्हणाले. "आणि तू मेल्यावर तुझं थडगंही मीच झाडीन, कुत्र्या." झेर्बो एवढा मोठा माणूस, पण तोंड फिरवून उभा राहिला. माझंही तेच झालं.

आता तुझं. रिकाम्या हातांचं मला सांगूच नकोस. अमाडेच्या पट्टीपलीकडे अजून पांढरी जमीन आहे. मी बाबांकडे ती मागितली, माझ्याच तोंडानं, आता मला सवय झालीय. ते म्हणाले, "दगड चांगले पिकतात तिथं." यंदा उशीर झाला, पण खळगे सुगीनंतर खणायचे असतात. बायकांच्या हाताखाली काम करावं लागेल. असेता कडक आहे, आधीच सांगते. लोक रस्ता देतील, तेव्हा मी तुझ्या पुढे चालेन. मला त्या रस्त्यानं चालायची सवय आहे.

झेर्बोच्या बसमध्ये तुझी, वहिनीची आणि पोरांची जागा सांगून ठेवली आहे. तो भाडं घेणार नाही. तांगझुगूपर्यंत शिव्या देईल, तेवढ्या ऐकून घे.

तलातो